दुभाषी होता, पण कोणासाठी? मामट्रास्ना खटल्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आयर्लंडमध्ये १८८२ साली आयरिशखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या एका शेतकऱ्यावर इंग्रजीत खटला चालवून, दुभाषी न देता त्याला फाशी दिले, असे नुकतेच वाचनात आले. मी अनेक वर्षे जिल्हा न्यायालयात नोकरी केली आहे. दुभाषी न देता खुनाचा खटला चालूच कसा शकतो, हे मला समजत नाही. ही हकिकत खरी आहे काय?
(एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा)

उत्तर : माणूस खरा, खटला खरा आणि फाशीही खरी. त्याचे नाव माइल्स जॉइस. त्याच्या स्वतःच्या भाषेत मील्रा शोया. १५ डिसेंबर १८८२ रोजी गॉलवेच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. ‘दुभाषी नव्हता’ हे विधान मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. दुभाषी न्यायालयात हजर होता. तो कोणासाठी होता आणि कोणासाठी नव्हता, हे पाहिले म्हणजे त्या माणसावर झालेला अन्याय नेमका कोठे होता ते कळते. आपण न्यायालयाचे कामकाज जवळून पाहिलेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गॉलवे आणि मेयो या दोन परगण्यांच्या सीमेवर, लॉख मास्क सरोवराच्या बाजूच्या डोंगराळ भागात मामट्रास्ना नावाची वस्ती आहे. तेथे १७ ऑगस्ट १८८२ च्या रात्री जॉन जॉइस नावाच्या शेतकऱ्याच्या घरात काही माणसे घुसली आणि त्यांनी तो, त्याची बायको, म्हातारी आई आणि मुलगी यांना ठार मारले. मायकेल हा मुलगा जबर जखमी होऊन दुसऱ्या दिवशी वारला, आणि पॅट्सी नावाचा धाकटा मुलगा तेवढा वाचला. मृत जॉन मेंढ्या चोरतो अशी गावात वदंता होती. पण खुनामागचे खरे कारण आजही वादाचेच आहे. काळ जमीनदारांविरुद्धच्या चळवळीचा होता. त्याच वर्षी जानेवारीत त्याच भागात एका बड्या जमीनदाराचा कारभारी आणि त्याचा नातू यांचे खून होऊन प्रेते सरोवरात टाकली गेली होती, आणि मे महिन्यात डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये सरकारच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांना भोसकून मारण्यात आले होते. सरकारला गुन्हेगार हवे होते, आणि ते लवकर हवे होते.

ते दोन दिवसांतच मिळाले. ॲन्थनी जॉइस, त्याचा भाऊ आणि पुतण्या असे तिघे पुढे आले आणि आपण त्या रात्री दहा माणसांचा अंधारातून पाठलाग केला व दहाही जणांना ओळखले, असे त्यांनी सांगितले. या तिघांची आरोपींपैकी काहींशी जुनी भाऊबंदकी होती. येथे नावांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. या एका खटल्यात पॅट्रिक जॉइस नावाची किमान चार माणसे आहेत : एक साक्षीदार, एक फाशी गेलेला, एक जन्मठेप झालेला आणि एक वाचलेला मुलगा. गावात आयरिश बोलताना माणूस बापाच्या किंवा आज्याच्या नावाने ओळखला जाई, त्यामुळे घोटाळा होत नसे. इंग्रजी कागदावर नाव आणि आडनाव एवढेच उतरले, आणि जी ओळख गावातल्या पोरालाही होती ती सरकारी दप्तरात पुसली गेली. आपल्याकडे नावानंतर वडिलांचे नाव लावण्याची रीत आहे, त्यामुळे मराठी वाचकाला यातली अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच वर्षी झालेल्या विशेष कायद्याचा आधार घेऊन खटला गॉलवेतून हलवण्यात आला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, डब्लिनच्या ग्रीन स्ट्रीट न्यायालयात, न्यायमूर्ती बॅरी यांच्यापुढे विशेष ज्युरी बसवून नोव्हेंबरमध्ये चालवण्यात आला. ही विशेष ज्युरी मालमत्तेच्या निकषावर निवडलेल्या शहरी गृहस्थांची होती. दहापैकी ॲन्थनी फिल्बिन आणि थॉमस केसी हे दोघे फाशी टाळण्यासाठी माफीचे साक्षीदार झाले. उरलेल्यांपैकी तिघांवर एकामागून एक खटले चालले : पॅट्रिक जॉइस, पॅट्रिक केसी आणि शेवटी माइल्स जॉइस.

आता दुभाष्याकडे वळू. तो पोलीस दलातलाच माणूस होता, म्हणजे ज्या खात्याने आरोपींना पकडले त्याच खात्याचा. गावाकडच्या ज्या साक्षीदारांना इंग्रजीत साक्ष देता येत नव्हती, त्यांचे आयरिश बोलणे तो न्यायाधीश, ज्युरी आणि वकील यांना इंग्रजीत सांगत असे. न्यायालयाला आयरिश समजत नाही ही अडचण अशी रीतसर दूर करण्यात आली. आरोपीला इंग्रजी समजत नाही ही अडचण दूर करण्याची गरज कोणालाही वाटली नाही. माफीच्या साक्षीदारांना इंग्रजी येत होते. सरकारी वकिलाचे आरोप, बचावाच्या वकिलाची उलटतपासणी, न्यायाधीशांनी ज्युरीला केलेले मार्गदर्शन, सारे इंग्रजीत चालले होते. माइल्स जॉइस त्या पिंजऱ्यात मान खाली घालून बसलेला होता. आपल्या शेजाऱ्याने आयरिशमध्ये आपल्यावर घेतलेला आळ त्याला शब्दन् शब्द कळत होता, आणि त्या आळाचा पुढे न्यायालयात काय अर्थ लावला जात आहे, कोठे तो डळमळतो आहे आणि कोठे सावरला जातो आहे, ते त्याला कळत नव्हते. वकिलाच्या कानाशी लागून ‘हे खोटे बोलतात, त्यांना अमुक विचारा’ असे सांगण्यापुरतेही साधन त्याच्यापाशी नव्हते.

त्यात आणखी एका कायदेशीर नियमाची भर पडली, आणि माझ्या मते भाषेइतकेच महत्त्व त्यालाही आहे. त्या काळी आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याचा अधिकारच नव्हता. इंग्लंडमध्ये तो १८९८ साली आला, आयर्लंडमध्ये १९२४ साली. त्यामुळे ज्युरी निर्णयासाठी उठून जाईपर्यंत माइल्स जॉइसचे तोंड कायद्यानेच बंद होते. ज्युरी सहा मिनिटांत परत आली आणि तिने त्याला दोषी ठरवले. त्यानंतर, शिक्षा का देऊ नये याविषयी काही सांगायचे आहे काय, हा ठरावीक प्रश्न त्याला दुभाष्यामार्फत विचारण्यात आला. त्याने आयरिशमध्ये उत्तर दिले आणि दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितले, म्हणूनच ते आज आपल्याला वाचता येते. वर असलेल्या देवाची आणि मेरीमातेची शपथ घेऊन त्याने सांगितले की, अजून जन्माला न आलेल्या बाळाचा या कृत्याशी जेवढा संबंध, तेवढाच आपला. त्या रात्री आपण घरी बायकोशेजारी झोपलेलो होतो. आणि आपल्याला यातले काहीही ठाऊक नाही. त्याचे म्हणणे त्या न्यायालयाने ऐकले ते असे, निकाल लागून गेल्यावर. लगेच त्याला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली.

आपण नोकरीत असताना १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७९ पाहिले असेलच : आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात सांगितली पाहिजे. ही तरतूद स्वतंत्र भारताने नव्याने केलेली नाही. ब्रिटिशांनी हिंदुस्थानसाठी केलेल्या १८८२ च्या संहितेतही ती होती. ज्या वर्षी हा नियम कलकत्त्याहून जाहीर झाला, त्याच वर्षी त्याच साम्राज्याच्या डब्लिनमधील न्यायालयात एका माणसाला, त्याला न समजणाऱ्या भाषेत चाललेल्या खटल्यात, मृत्युदंड देण्यात आला. खुद्द इंग्लंडात, आरोपीला वकील असला तरी पुरावा त्याला समजावून सांगितला पाहिजे, हे अपील न्यायालयाने स्पष्ट केले ते १९१६ च्या सुमारास. तोवर वकिलाला समजले म्हणजे पुरे, अशीच समजूत होती. मामट्रास्ना खटल्यात कोणीतरी ठरवून दुभाषी नाकारला असे मी म्हणणार नाही. पण आरोपीला समजणे हा न्यायाचा भाग आहे, हेच त्या न्यायालयाच्या ध्यानीमनी नव्हते, आणि मला ते अधिक भयंकर वाटते.

पुरावाही धड नव्हता. मरणाच्या दारात असलेल्या मायकेलने आणि वाचलेल्या पॅट्सीने मारेकऱ्यांची तोंडे काळी केलेली होती असे सांगितले होते, आणि ही जबानी बचावाच्या वकिलांपासून दडवून ठेवण्यात आली. तोंडाला काळे फासलेल्या दहा माणसांना रात्री, दुरून ओळखले हा दावा त्या एका वाक्याने कोसळला असता. अंगावर मारेकऱ्यांनी पांढऱ्या लोकरी बंड्या घातल्या होत्या असेही मुलाने सांगितले होते. सरकारी साक्षीदारांनी मात्र त्यांचे कपडे गडद रंगाचे असल्याचे सांगितले. पॅट्सीला न्यायालयात आणले, तेव्हा त्याला शपथेचा अर्थ कळत नाही असे ठरवून त्याची साक्षच घेण्यात आली नाही.

बाकीच्या पाच जणांनी, तिघांची गत पाहून आणि गावाकडच्या धर्मगुरूच्या सल्ल्यावरून, गुन्हा कबूल केला, आणि त्यांची फाशी बदलून जन्मठेप झाली. त्यांत माइल्सचे दोन भाऊ होते. फाशीपूर्वी पॅट्रिक जॉइस आणि पॅट्रिक केसी यांनी वेगवेगळ्या जबान्या देऊन स्वतःचा सहभाग मान्य केला आणि माइल्स निर्दोष असल्याचे सांगितले. माइल्सची बायको ब्रिजेट हिने दयेची याचना केली. देवासमोर उभी राहायला निघालेली माणसे खोटे कशाला बोलतील, असा तिचा साधा प्रश्न होता. आयर्लंडचे व्हाइसरॉय लॉर्ड स्पेन्सर यांचे उत्तर आले की, कायद्याने आपल्या मार्गाने जावे. फाशीच्या तख्तावरही माइल्स आयरिशमध्ये बोलत राहिला, त्या हालचालीत दोर त्याच्या हाताशी अडकला आणि मान मोडून चटकन मरण येण्याऐवजी तो गुदमरून मेला. ‘टा मे एग इमख्त’ हे त्याचे अखेरच्या क्षणीचे शब्द म्हणून सांगितले जातात. त्याचा अर्थ ‘मी जातो’. मराठी घरात निघताना ‘येतो’ म्हणायचे असते, ‘जातो’ म्हणायचे नसते. त्यामुळे हे दोन शब्द वाचताना आपल्या अंगावर जो काटा येतो, तो इंग्रजी वाचकाच्या अंगावर येत असेल की नाही, मला शंका आहे.

प्रश्न : आयरिश बोलणारे लोक त्या काळी इतके थोडे होते काय, की न्यायालयाने त्यांची दखलच घेऊ नये? शाळेत आयरिश बोलणाऱ्या मुलांना मारत असत, हे खरे का?
(एक प्राथमिक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : थोडे मुळीच नव्हते. १८५१ च्या जनगणनेत भाषेचा प्रश्न प्रथम विचारला गेला, तेव्हा १५ लाखांहून अधिक लोकांनी आयरिश येत असल्याचे सांगितले, आणि त्यांपैकी सुमारे ३ लाख २० हजारांना आयरिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. हेही बटाट्याच्या महादुष्काळानंतरचे आकडे आहेत. १८४५ पासूनच्या त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देशोधडीला लागली, आणि मेलेल्यांत व गेलेल्यांत पश्चिमेकडची गरीब, आयरिश बोलणारी माणसे सर्वाधिक होती. १८८१ पर्यंत केवळ आयरिश येणाऱ्यांची संख्या सुमारे ६४ हजारांवर आली. माइल्स जॉइस त्या ६४ हजारांतला एक.

न्यायालयांना या लोकांची माहिती नव्हती असेही नाही. १७३७ च्या एका कायद्याने न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालेल असे ठरवले होते, आणि तोंडी साक्षीसाठी परगण्याच्या ग्रँड ज्युरीला (म्हणजे स्थानिक कारभार पाहणाऱ्या बड्या जमीनमालकांच्या मंडळाला) अठराव्या शतकापासून पगारी दुभाषी नेमता येत असे. पश्चिमेकडच्या न्यायालयांत असे दुभाषी एकोणिसावे शतकभर काम करत होते. पण आयरिशमध्ये साक्ष देऊ इच्छिणाऱ्या माणसाकडे न्यायाधीश संशयाने पाहत. याला इंग्रजी येते, उलटतपासणीत विचार करायला वेळ मिळावा म्हणून हा सोंग करतो आहे, असा तो संशय असे, आणि साक्षीचा भत्ता न देण्याची धमकीही दिली जाई. १८५८ साली एका खटल्यात, आयरिशमध्ये साक्ष देणारा माणूस बाहेर इंग्रजी बोलला होता की नाही, हाच वाद वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला, आणि मूळ गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही असे तेथे ठरले. बाजारात मेंढीची किंमत इंग्रजीत सांगता येणे वेगळे, आणि फाशीच्या खटल्यात वकिलाच्या उलटसुलट प्रश्नांना इंग्रजीत उत्तर देणे वेगळे. परक्या भाषेत कामापुरते बोलणारा कोणीही हे जाणतो.

आता शाळेतल्या माराविषयी. ती गोष्ट खरी आहे, आणि शिक्षिका म्हणून आपल्याला ती अधिक लागेल. त्यासाठी एक काठी असे; तिला ‘बाटा स्कोर’ म्हणत, म्हणजे मोजणीची काठी. ती दोरीने मुलाच्या गळ्यात अडकवत. मूल आयरिशमध्ये बोलले की काठीवर चाकूने एक खाच, आणि ठरलेल्या वेळी खाचा मोजून त्याप्रमाणे मार. सर्वांत दुःखाची गोष्ट ही की, या काठीवर खाच करणारे हात नेहमी मास्तरांचेच नसत. डब्लिनचे वैद्य आणि लोकजीवनाचे अभ्यासक सर विल्यम वाइल्ड (लेखक ऑस्कर वाइल्ड यांचे वडील) यांनी पश्चिमेकडच्या एका घरात पाहिलेला प्रसंग लिहून ठेवला आहे : लहान मूल आयरिशमध्ये काही बोलले, आणि बापानेच जवळ घेऊन त्याच्या काठीवर खाच केली. त्या बापाला आपल्या भाषेचा तिटकारा होता असे मानण्याचे कारण नाही. दुष्काळ, बोटीचे तिकीट, जमीनदाराचा कारकून आणि न्यायालय या चारही ठिकाणी कोणती भाषा चालते ते त्याने पाहिले होते.

१८३१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांचे माध्यम इंग्रजी होते. आयरिशच बोलणाऱ्या गावांतही मुलांना पहिल्या दिवसापासून इंग्रजी पुस्तक मिळे. पॅट्रिक कीनन नावाच्या शाळा तपासनिसाने १८५० च्या दशकात आपल्या अहवालांत, या मुलांना आधी त्यांच्या भाषेतून शिकवा आणि मग तीमधून इंग्रजी शिकवा, असे कळकळीने सांगितले. आयरिशला शाळेत प्रवेश मिळाला तो १८७० च्या दशकाच्या अखेरीस, तोही शाळेच्या वेळेबाहेरचा जादा विषय म्हणून, आणि पश्चिमेकडच्या मुलांसाठी द्वैभाषिक अभ्यासक्रम आला १९०४ साली. राष्ट्रीय नेत्यांचीही साथ नव्हती. डॅनियल ओ’कॉनेल यांची स्वतःची मातृभाषा आयरिश होती, तरी ती हळूहळू वापरातून गेली तर आपल्याला खंत वाटणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले होते. यात दोष सगळा इंग्रजांच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. परंतु काठी गळ्यात घालून वाढलेली पिढी न्यायालयाच्या पायरीवर उभी राहिली, तेव्हा आपली भाषा लपवण्याची वस्तू आहे हे ती आधीच शिकून आली होती, हे विसरता कामा नये.

प्रश्न : कादंबरीकार जेम्स जॉइस यांनी या खटल्यावर लेख लिहिला होता असे समजते. ते माइल्सचे नातेवाईक होते का? त्यांच्या लेखावर विसंबून राहावे काय?
(एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आडनाव एक असले तरी जवळचे नाते नव्हते, जेम्स जॉइस यांचा जन्मच मुळी १८८२ सालचा. १९०७ साली इटालियन भाषेत, त्रिएस्ते शहरातल्या एका दैनिकासाठी त्यांनी तो लेख लिहिला. त्यात आरोपी म्हातारा आहे, तो हातवारे करत, देवाचा धावा करत लांबलचक उत्तर देतो, आणि दुभाषी न्यायाधीशांना एवढेच सांगतो की, हा नाही म्हणतो आहे. हे चित्र मनात घर करून राहते, आणि आयर्लंडचे म्हणणे जगापर्यंत असेच तोडून पोहोचते हा त्यांचा मुद्दाही मला पटतो. पुरावा म्हणून मात्र ते चित्र वापरू नका. माइल्स चाळिशीतला होता. शिवाय, वर सांगितल्याप्रमाणे, आरोपीला साक्षच देता येत नव्हती, म्हणजे खटल्यात अशी प्रश्नोत्तरे होणेच शक्य नव्हते. निकालानंतरचे त्याचे बोलणे दुभाष्याने बरेचसे सविस्तर सांगितले होते. अभ्यासासाठी त्या वेळच्या वर्तमानपत्रांतील वृत्तान्त आधी वाचा आणि हा लेख नंतर.

प्रश्न : माइल्स जॉइसला २०१८ मध्ये माफी देण्यात आली असे वाचले. इतक्या वर्षांनी तिचा उपयोग काय, आणि मधल्या काळात कोणी काहीच केले नाही का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : केले होते, आणि फार लवकर केले होते. १८८४ च्या ऑगस्टमध्ये माफीचा साक्षीदार थॉमस केसी याने, ट्यूमचे आर्चबिशप (त्या भागाचे मुख्य धर्माधिकारी) आले असताना, भर चर्चमध्ये कबुली दिली की, आपण जीव वाचवण्यासाठी खोटी साक्ष दिली आणि माइल्स निर्दोष होता. खासदार टिमोथी हॅरिंग्टन यांनी मामट्रास्नाला जाऊन चौकशी केली, दडवलेली जबानी उजेडात आणली, पुस्तिका छापली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेत आयरिश पक्षाचे नेते पार्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरचौकशी मागितली. सरकारने ती नाकारली. जन्मठेप झालेल्या पाचांपैकी दोघे तुरुंगातच वारले, आणि उरलेले तिघे, त्यांत माइल्सचे दोघे भाऊ, वीस वर्षांनी, १९०२ साली सुटून घरी आले.

४ एप्रिल २०१८ रोजी आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी माइल्स जॉइसच्या माफीपत्रावर सही केली. आयरिश राज्य स्थापन होण्याच्या आधीच्या खटल्यात मरणोत्तर माफी मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. उपयोग काय, हे मामट्रास्नाच्या लोकांना विचारायला हवे; त्या भागात ही हकिकत पिढ्यान् पिढ्या आयरिशमध्येच सांगितली जात होती, आणि सरकारी कागद तिच्या बाजूने १३६ वर्षांनी आला. फाशी दिलेल्या तिघांना तुरुंगाच्या आवारातच पुरले होते. तो तुरुंग पुढे पाडण्यात आला आणि त्या जागी उभे राहिलेले कॅथेड्रल १९६५ साली खुले झाले. तिघांचे अवशेष त्याच्या वाहनतळाखाली असावेत असे मानले जाते, आणि माइल्सचे अवशेष शोधून त्याला त्याच्या गावाकडच्या मातीत पुरावे, अशी मागणी माफीनंतर पुढे आली आहे.